दिवाळीच्या तोंडावरच्या शिंका: सर्दी की ॲलर्जी?

पाऊस ओसरून ऑक्टोबरचं ऊन तापू लागलं की गोव्यात डिचोली, फोंडा, पेडण्यात घरोघरी शिंका सुरू होतात. ‘हवा बदलली, सर्दी होणारच’ म्हणत आपण काढा पितो, फार्मसीतून गोळ्या आणतो. तीन आठवडे झाले तरी नाक वाहतंच. एवढी लांबलेली सर्दी बहुतेक वेळा सर्दी नसतेच.

सर्दी विषाणूंमुळे होते. घसा खवखवतो, अंग मोडून येतं, कधी कणकण वाटते, मग नाक चोंदतं आणि सात ते दहा दिवसांत उतार पडतो. घरात एकाला झाली की दुसऱ्याला लागते. ॲलर्जी कुणाकडून लागत नाही. परागकण, बुरशीचे बीजाणू, गादीतल्या धुळीचे सूक्ष्म किडे अशा एरवी निरुपद्रवी गोष्टींवर आपलंच शरीर उसळतं आणि हिस्टामिन नावाचं रसायन सोडतं. पावसाळाभर बंद असलेलं लाकडी कपाट उघडून गोधडी झटकली की काही मिनिटांतच शिंकांवर शिंका येतात, नाकातून नुसतं पाणी गळतं, डोळे लाल होतात. सर्दी इतक्या झटपट येत नाही.

माझ्या मते सगळ्यात भरवशाची खूण म्हणजे खाज. नाकात, डोळ्यांत, टाळूला खाज सुटत असेल आणि ताप अजिबात नसेल, तर ॲलर्जीच धरून चला. लहान मुलं तळहातानं नाक खालून वर चोळत राहतात. काहींच्या नाकावर त्यानं आडवी रेघसुद्धा पडते. शेंबडाच्या रंगावर मात्र जाऊ नका. साध्या सर्दीतही तो पिवळा-हिरवा होतो आणि तेवढ्यासाठी अँटिबायोटिक घेऊ नये.

आपल्याकडे या दिवसांत सगळं एकदम जुळून येतं. चार महिन्यांच्या ओलीनं भिंतींवर बुरशी धरलेली, गाद्या दमट, शेतात भाताची कापणी-मळणी, घरात दिवाळीची साफसफाई. त्यात नरकचतुर्दशीच्या पहाटे जाळलेल्या नरकासुराच्या पुतळ्यातल्या पेंढ्याचा आणि फटाक्यांचा धूर! धुराची ॲलर्जी नसली तरी आधीच सुजलेलं नाक त्यानं आणखी चिडतं.

सर्दीला विश्रांती आणि गरम पेज पुरते. ॲलर्जीत सेटिरिझिनसारखी गोळी शिंका आणि खाज कमी करते. तिनं काहींना झोप येते, तेव्हा स्कूटर जपून. त्रास रोजचा असेल तर डॉक्टर नाकात मारायचा स्टेरॉइड स्प्रे देतात. त्याचा पुरता गुण यायला काही दिवस लागतात, म्हणून दोन दिवसांत सोडू नका. चोंदलेलं नाक लगेच मोकळं करणारे थेंब तीन ते पाच दिवसांपुढे घेतले, तर त्या थेंबांनीच नाक पुन्हा चोंदायला लागतं. मिठाच्या पाण्यानं नाक धुणार असाल तर पाणी उकळून गार केलेलंच हवं, विहिरीचं किंवा नळाचं थेट नको.

चादरी, उशांचे अभ्रे आठवड्याला 60 अंशांच्या गरम पाण्यात धुवा. बुरशी कोरडी खरवडू नका, ओल्या फडक्यानं पुसा, आणि ज्याला त्रास आहे त्याला या कामाला लावू नका. भिंतीत पाणी झिरपतंय ते आधी थांबवलं नाही तर बुरशी परत येणारच.

छातीत घरघर, रात्री खोकल्याची उबळ हे दम्याचं लक्षण असू शकतं. तिथे घरगुती उपाय नकोत. आणि ताप चढला, अंग ठणकू लागलं, तर ॲलर्जीचा विचार बाजूला ठेवून रक्त तपासून घ्या. डेंग्यूचे आणि लेप्टोचेही (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या मूत्रानं दूषित पाण्या-चिखलातून होणारा ताप) हेच दिवस. चिखलात, शेतात काम केलं असेल तर डॉक्टरांना ते न विसरता सांगा.