दंतोपचारभय

दंतोपचारभय म्हणजे दातांच्या उपचारांची, किंवा त्यांच्या नुसत्या विचारानेही वाटणारी भीती. खुर्चीत बसण्यापूर्वी होणारी धाकधूक बहुतेकांच्या ओळखीची असते आणि तिच्यात काळजी करण्याजोगे काही नाही. पण दाढ ठणकत असताना माणूस वेदनाशामक गोळ्यांवर दिवस काढतो, ठरवलेली वेळ ऐनवेळी रद्द करतो, वर्षानुवर्षे दंतवैद्याकडे फिरकत नाही, तेव्हा ही भीती विशिष्ट भयविकाराच्या, म्हणजे एखाद्या ठरावीक गोष्टीच्या टोकाच्या भीतीच्या, पातळीला पोहोचलेली असते. तिला भित्रेपणा म्हणणे अन्यायाचे आहे. प्रसूती किंवा मोठी शस्त्रक्रिया धीराने सोसलेली माणसेही या खुर्चीत घामाघूम होतात.

दुखण्याची धास्ती हे उघड कारण. पुष्कळांच्या बाबतीत ती लहानपणच्या एखाद्या वाईट अनुभवापासून सुरू होते, तर काहींना घरातल्या मोठ्यांची भीती पाहून लागते. मात्र वेदनेइतकाच, कित्येकदा अधिक, वाटा असहायतेचा असतो. रुग्ण उताणा असतो, तोंड उघडे असते, बोलता येत नाही, पुढे काय होणार ते दिसत नाही आणि कानाशी ड्रिलचा आवाज. अशा वेळी ‘एवढं काय त्यात’ म्हणून दरडावणारा डॉक्टर सुईपेक्षा खोल घाव करतो. लैंगिक अत्याचार सोसलेल्या व्यक्तींना तर नुसते आडवे पडणे आणि चेहऱ्यावर कुणीतरी वाकलेले असणेही असह्य होऊ शकते. सुई किंवा रक्त पाहून भोवळ येणाऱ्यांचा प्रकार थोडा निराळा आहे : त्यांचा रक्तदाब एकदम उतरतो. हातापायांचे स्नायू काही सेकंद घट्ट आवळून धरण्याचा सराव त्यांना उपयोगी पडतो. इतरांना जे शरीर सैल सोडायला सांगतात, त्याच्या हे नेमके उलट आहे.

भीती टिकते ती टाळाटाळीमुळे. वेळ रद्द केली की लगेच हायसे वाटते आणि त्या सुटकेनेच पुढच्या वेळी टाळणे सोपे होते. दरम्यान छोट्या फिलिंगने भागले असते ती कीड दाताच्या नसेपर्यंत जाते आणि रूट कॅनाल किंवा दात काढणे अटळ होते. दातांच्या अवस्थेची लाज वाटू लागते, ती आणखी मागे खेचते. शिवाय सुजलेल्या, जंतुसंसर्ग झालेल्या भागातील आम्लता वाढलेली असल्याने तेथे भुलीचे औषध नीट चढत नाही. म्हणजे ‘मला भूलच लागत नाही’ ही तक्रार बऱ्याचदा खरी असते. भुलीच्या औषधात मिसळलेल्या अ‍ॅड्रिनलिनमुळे काही मिनिटे छाती धडधडते, तीही अनेकांना भीतीची किंवा अ‍ॅलर्जीची खूण वाटते. हे आधी सांगितले गेले तर निम्मी घबराट तिथेच ओसरेल.

दंतोपचार एकेकाळी खरोखरच भयंकर होते. डिसेंबर 1844 मध्ये हॉरेस वेल्स या अमेरिकन दंतवैद्याने नायट्रस ऑक्साइड हा गुंगी आणणारा वायू हुंगून स्वतःची दाढ काढवून घेतली, तेव्हा वेदनारहित उपचारांची वाट दिसू लागली. आज सर्रास वापरले जाणारे लिडोकेन हे भुलीचे औषध स्वीडनमध्ये 1943 साली तयार झाले. आता हिरडीला आधी बधिर करणारी जेल लावून औषध अगदी सावकाश टोचले, तर सुईही फारशी जाणवत नाही.

भीतीची तीव्रता मोजण्यासाठी मानसशास्त्रज्ञ नॉर्मन कोरा यांनी 1969 मध्ये चार प्रश्नांची श्रेणी मांडली. 1995 मधील तिच्या सुधारित रूपात पाच प्रश्न असून गुण 5 ते 25 असतात. 19 किंवा अधिक गुण तीव्र भीती दाखवतात. अशी प्रश्नावली भरणे, किंवा साध्या शब्दांत ‘मला फार भीती वाटते’ असे वेळ घेतानाच सांगणे, ही पहिली पायरी. पहिल्या भेटीत फक्त बोलणे आणि तपासणी असावी. हात वर केला की काम थांबेल, असा संकेत ठरवावा. डॉक्टरने तो एकदा जरी मोडला तरी विश्वास संपतो. त्यानंतर आरसा, दात साफ करणे, लहान फिलिंग असे चढत्या क्रमाने जावे. तीव्र भीतीत मानसोपचारतज्ज्ञाच्या मदतीने केलेली बोधात्मक वर्तनचिकित्सा, म्हणजे भीतीमागचे विचार आणि सवयी हळूहळू बदलण्याची पद्धत, सर्वांत टिकाऊ परिणाम देते.

नायट्रस ऑक्साइड हुंगवल्यास रुग्ण शुद्धीत राहूनही शांत होतो आणि वायू बंद करून प्राणवायू दिल्यावर काही मिनिटांत त्याचा अंमल उतरतो. गोळीने किंवा शिरेतून गुंगी दिल्यास मात्र घरी न्यायला सोबत कुणीतरी लागते आणि त्या दिवशी वाहन चालवता येत नाही. तातडीचे काम पार पाडायला हे उपाय उत्तम, पण गुंगीत घेतलेल्या उपचारांनी भीती आपोआप जात नाही. पुढच्या वेळी ती तशीच समोर येते.

मुलांबाबत अनुभवांचा क्रम महत्त्वाचा ठरतो. आधी काही सुखाच्या भेटी झालेल्या मुलाला नंतर एखादा वाईट अनुभव आला तरी कायमची भीती बसण्याची शक्यता कमी असते. म्हणून पहिली भेट दात दुखू लागण्यापूर्वीच, पहिल्या वाढदिवसाच्या सुमारास व्हावी. आधी सांगणे, मग दाखवणे, मग करणे ही पद्धत बालदंतवैद्य वापरतात. ‘ऐकलं नाहीस तर डॉक्टर सुई टोचतील’ ही धमकी आणि ‘अजिबात दुखणार नाही’ हे खोटे आश्वासन, दोन्ही पालकांनी कटाक्षाने टाळावीत. ‘थोडं टोचेल, मी इथेच आहे’ एवढे खरे बोलणे मुलाला पुरते.