बूस्ट आला की मिसिंग: दोष पेट्रोलचा की ठिणगीचा?

रिमॅप केलेली (जास्त ताकदीसाठी इंजिनच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदललेली) टर्बो गाडी पूर्ण एक्सलरेटरला धक्के द्यायला लागली की पहिला आळ येतो भेसळीच्या पेट्रोलवर, दुसरा टर्बोवर. पण आयडलला गुळगुळीत आणि शहरात निमूट चालणारं इंजिन फक्त बूस्टमध्येच (टर्बो जादा हवा दाबून भरत असतानाच) मिसिंग करत असेल, म्हणजे मधूनच एखाद्या सिलिंडरमधलं पेट्रोल पेटत नसेल, तर मी आधी स्पार्क प्लगची गॅप, म्हणजे ठिणगी पडते त्या दोन इलेक्ट्रोडमधलं अंतर, मोजायला सांगेन. कारण १८८९ साली जर्मन भौतिकशास्त्रज्ञ फ्रीड्रिख पाशेन यांनी मांडलेल्या नियमात आहे.

ठिणगी पडायला किती व्होल्टेज लागेल, हे वायूचा दाब आणि इलेक्ट्रोडमधलं अंतर यांच्या गुणाकारावर ठरतं. असं का? गॅपमधला एखादा भरकटलेला इलेक्ट्रॉन विद्युतक्षेत्रात वेग घेतो आणि रेणूवर आदळतो. ऑक्सिजनच्या रेणूतून इलेक्ट्रॉन उडवायला सुमारे १२ इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा लागते, नायट्रोजनला साडेपंधराच्या वर. तेवढी ऊर्जा त्याने टकरीआधीच कमावलेली असली, तर एकाचे दोन, दोनाचे चार होत विजेची वाट तयार होते. हवा दाट असली की टकरी लवकर होतात आणि ऊर्जा साठायच्या आतच खर्च होते. मग क्षेत्रच अधिक तीव्र हवं, म्हणजे व्होल्टेज जास्त हवं. (काटेकोर बोलायचं तर इथे दाबापेक्षा घनता महत्त्वाची, कारण दाबलेली हवा तापलेलीही असते.)

आयडलला इनटेक मॅनिफोल्डमधला (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांमधला) निरपेक्ष, म्हणजे निर्वातापासून मोजलेला, दाब ०.३ ते ०.४ बारच्या आसपास असतो. १ बार बूस्ट म्हणजे बाहेरच्या हवेच्या दाबावर आणखी १ बार, म्हणून निरपेक्ष २ बार. सिलिंडरमध्ये पाच-सहा पट हवा, ठिणगीचं व्होल्टेज बनवणारी कॉइल मात्र तीच! तिचं व्होल्टेज अपुरं पडलं की ठिणगी पडतच नाही, किंवा प्लगच्या सिरॅमिकवरून, फाटलेल्या रबरी बूटमधून वीज बाहेरच्या बाहेर इंजिनच्या धातूत उतरते (‘अर्थ’ होते). सिरॅमिकवर पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी रेघ दिसली तर ती याचीच खूण.

म्हणून गॅप १.१ मिलिमीटर असेल तर ०.७ करून पाहा. इरिडियमच्या बारीक टोकाला फिलर गेजने (गॅप मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) खरवडू नका. स्कॅनरवर फॉल्ट कोड पी०३०२ (दुसऱ्या सिलिंडरमध्ये मिसिंग) असेल, तर दुसऱ्या सिलिंडरची कॉइल तिसऱ्यावर लावा. कोड पी०३०३ (तिसऱ्या सिलिंडरचा) झाला की कॉइल दोषी. चार टोकांचे प्लग ‘चौपट ठिणगी’ म्हणून विकले जातात, ते सोडून द्या. ठिणगी एका वेळी एकाच टोकावर पडते. पेट्रोलमध्ये घालायचं ऑक्टेन बूस्टर हा नॉकिंगवरचा (मिश्रण अवेळी आपोआप पेटण्यावरचा) उपाय आहे, न पडलेल्या ठिणगीवरचा नाही.

एक सापळा मात्र टाळा. एक्झॉस्टमधला लॅम्डा सेन्सर पेट्रोल मोजत नाही, ऑक्सिजन मोजतो. मिसफायर (मिसिंग) झाला की न जळलेला ऑक्सिजन एक्झॉस्टमध्ये जातो आणि सेन्सर ‘मिश्रण लीन आहे’, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी आहे, असं म्हणतो. त्यावर विसंबून पेट्रोल वाढवलं, तर ते कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जळतं आणि तो वितळतो. लॉगमध्ये (चालत्या गाडीच्या सेन्सरांच्या नोंदीत) धक्क्याच्या आधीचं लॅम्डा सेन्सरचं रीडिंग वाचा. ते आधीपासूनच लीन असेल आणि फ्युएल रेलचा (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीचा) दाबही पडत असेल, तरच पेट्रोलच्या पंपाकडे वळा.