त्रिशंकू लोकसभा आणि कर्जसंकट

निवडणुकीनंतर कोणत्याही एका पक्षाला किंवा निवडणूकपूर्व आघाडीला निम्म्याहून अधिक जागा मिळाल्या नाहीत, तर त्या सभागृहाला ‘त्रिशंकू’ म्हणतात. एरवी काही दिवसांच्या वाटाघाटींनंतर अशा सभागृहातून आघाडीचे किंवा अल्पमताचे सरकार उभे राहते. देश परकीय कर्जाच्या ओझ्याखाली असताना मात्र हेच दिवस महाग पडतात. हप्त्याची तारीख सभागृहातल्या बेरजेसाठी थांबत नाही, आणि धनकोला ज्याची सही हवी असते तो अर्थमंत्री त्या वेळी जागेवर नसतो किंवा काळजीवाहू असतो.

शब्दाचा उगम : त्रिशंकू हा इक्ष्वाकू कुळातील राजा, मूळ नाव सत्यव्रत. रामायणाच्या बालकांडातील कथेप्रमाणे विश्वामित्राने त्याला सदेह स्वर्गात पाठवले, इंद्राने खाली लोटले आणि तो खाली डोके, वर पाय अशा स्थितीत अधांतरी राहिला. नावाची फोड मात्र रामायणात नाही. ती हरिवंश व पुराणांत येते : पित्याचा रोष, वसिष्ठाच्या गायीची हत्या आणि असंस्कृत मांसाचे भक्षण हे तीन दोष म्हणजे तीन शंकू (खिळे). ही फोड नावावरून मागाहून रचली गेली असावी, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. राजकारणातील वापर अर्थातच अलीकडचा आहे. एकमत न झालेल्या ज्यूरीसाठी इंग्रजीत वापरले जाणारे ‘हंग’ (hung) हे विशेषण ब्रिटनमध्ये १९७४ च्या फेब्रुवारीतील निवडणुकीच्या सुमारास संसदेलाही सर्रास लावले जाऊ लागले. भारतीय भाषांनी त्याचा शब्दशः अनुवाद करण्याऐवजी पुराणातला राजा उचलला. मराठी वृत्तपत्रांत तो बहुधा १९८९ नंतर रुळला. कथेतला त्रिशंकू कायमचाच लटकलेला आहे, सभागृह तसे राहू शकत नाही. एक तर सरकार बनते, नाही तर सभागृह विसर्जित होते. तेवढ्यापुरती ही उपमा अपुरी पडते.

‘कौल’ हा त्याच्या जोडीचा शब्द अधिक नेमका आहे. मूळ अरबी अर्थ वचन, शब्द. मराठेशाहीत ओसाड पडलेला गाव पुन्हा वसवताना रयतेला साऱ्यात सूट देणारा कौलनामा दिला जाई. दक्षिण महाराष्ट्रात आणि कोकणात देवाला कौल लावतात, तो या शब्दाचा दुसरा संसार. मूर्तीवर पाणी लावून कळ्या किंवा पाकळ्या चिकटवतात. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार, आणि कोणतीच पडली नाही तर कौल अडला. गुरव पुन्हा गाऱ्हाणे घालतो, माणसे ताटकळत बसतात. निवडणुकीच्या संदर्भातील ‘जनतेचा कौल’ कौलनाम्यावरून आला की देवळातून, याविषयी दोन्ही मते मांडता येतात. ‘कौल देणे’ आणि ‘कौल अडणे’ ही क्रियापदे पाहता देवळाकडचे पारडे जड दिसते.

घटनात्मक बाजू : बहुमत नसताना राष्ट्रपतीने कोणाला बोलवावे, हे संविधानाच्या ७५ व्या अनुच्छेदात सांगितलेले नाही. मंत्रिमंडळ लोकसभेला सामूहिकरीत्या जबाबदार असेल, एवढेच तेथे म्हटले आहे. राज्यपालांसाठी केंद्र-राज्य संबंधांवरील सरकारिया आयोगाने १९८८ मध्ये एक क्रम सुचवला : निवडणूकपूर्व आघाडी, मग इतरांच्या पाठिंब्यासह सर्वांत मोठा पक्ष, मग निवडणुकीनंतर सत्तेत सहभागी होणारी आघाडी आणि शेवटी बाहेरून पाठिंब्यावरची आघाडी. केंद्रातही साधारण हाच क्रम पाळला जातो.

या प्रक्रियेचा सातारा जिल्ह्याशी एक ठळक संबंध आहे, जरी तो निवडणुकीनंतरचा नसून पक्षफुटीनंतरचा आहे. १५ जुलै १९७९ रोजी मोरारजी देसाई यांनी राजीनामा दिल्यावर राष्ट्रपती नीलम संजीव रेड्डी यांनी सरकार स्थापनेच्या शक्यता अजमावण्यासाठी सर्वप्रथम विरोधी पक्षनेते, साताऱ्याचे खासदार यशवंतराव चव्हाण यांना पाचारण केले. आकडे जुळत नाहीत हे पाहून चव्हाणांनी चारच दिवसांत तसे कळवले. पुढे चरणसिंगांच्या मंत्रिमंडळात ते उपपंतप्रधान झाले, पण ते सरकार लोकसभेला सामोरे न जाताच काळजीवाहू बनले. चव्हाणांनी निमंत्रण परत केले, ही त्यांची कमजोरी म्हणून सांगितली जाते. प्रस्तुत लेखकाला ती संसदीय शिस्त वाटते. देशाचा वेळ न दवडता ‘माझ्याकडे संख्या नाही’ असे सांगणारे नेते विरळाच.

‘काळजीवाहू सरकार’ हा शब्दप्रयोगही संविधानात नाही. लोकसभा विसर्जित झाल्यानंतरही राष्ट्रपतीला सल्ला देण्यासाठी मंत्रिमंडळ असलेच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये यू. एन. आर. राव खटल्यात स्पष्ट केले. त्या मंत्रिमंडळाचे अधिकार किती, हे मात्र संकेतावर सोडलेले राहिले. एक मत असे, की त्याने दैनंदिन कारभारापलीकडे जाऊ नये. दुसरे असे, की संविधानाने मर्यादा घातलेली नसताना ती कल्पून घेऊ नये. शांततेच्या काळात पहिले मत योग्य आहे. कर्जफेड चुकण्याची वेळ आल्यावर ते जसेच्या तसे लावता येत नाही, हे १९९१ ने दाखवले. पैशाच्या बाजूने अडचण अशी, की पूर्ण अर्थसंकल्प मंजूर होऊ शकत नसेल तर ११६ व्या अनुच्छेदाखाली लेखानुदान घेऊन काही महिन्यांचा खर्च भागवता येतो. लेखानुदानाने पगार होतात. पण कर, अनुदाने आणि तुटीबाबत पुढच्या वर्षाचा शब्द त्यातून देता येत नाही, आणि नवे कर्ज देणाऱ्याला नेमका तोच हवा असतो.

१९८९–९१ : नोव्हेंबर १९८९ च्या निवडणुकीत काँग्रेसला १९७, जनता दलाला १४३ आणि भारतीय जनता पक्षाला ८५ जागा मिळाल्या. सातारा, कराड आणि सांगली या तिन्ही मतदारसंघांनी १९८९ मध्ये आणि पुन्हा १९९१ मध्ये काँग्रेसचेच खासदार पाठवले. येथला कौल स्वच्छ होता, देशाचा अडला होता. विश्वनाथ प्रताप सिंग यांचे सरकार ७ नोव्हेंबर १९९० रोजी पडले. चंद्रशेखर काँग्रेसच्या बाहेरून पाठिंब्यावर पंतप्रधान झाले आणि ६ मार्च १९९१ रोजी त्यांनीही राजीनामा दिला. त्याआधी दोनच दिवस यशवंत सिन्हा यांनी पूर्ण अर्थसंकल्पाऐवजी अंतरिम अर्थसंकल्प मांडला होता.

संकटाचे मूळ कोठे, यावर मतभेद आहेत. एक मत १९८० च्या दशकातील वाढत्या तुटीकडे व अल्पमुदतीच्या उसनवारीकडे बोट दाखवते. दुसरे आखाती युद्ध, तेलाचे भाव आणि अनिवासी भारतीयांनी काढून घेतलेल्या ठेवी यांवर भर देते. तिसरे राजकीय अस्थिरतेला मुख्य कारण मानते. तूट जुनी होती, धक्का बाहेरचा होता, आणि निर्णय घेणारे कोणी नसल्याने टंचाईची आणीबाणी झाली, अशी मांडणी उपलब्ध घटनाक्रमाशी अधिक जुळते. जानेवारी १९९१ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून सुमारे १.८ अब्ज डॉलर मिळाले, ते काही महिन्यांतच संपले. पुढच्या मदतीसाठी अर्थसंकल्प हवा होता, आणि अर्थसंकल्पासाठी बहुमत.

मे १९९१ मध्ये, निवडणूक चालू असताना, सरकारकडे जप्त होऊन पडलेले २० टन सोने स्टेट बँकेमार्फत एका स्विस बँकेला पुन्हा विकत घेण्याच्या हक्कासह विकून सुमारे २० कोटी डॉलर उभारले गेले. जुलैमध्ये, नवे सरकार आल्यावर, रिझर्व्ह बँकेने सुमारे ४७ टन सोने बँक ऑफ इंग्लंड व बँक ऑफ जपान यांच्याकडे तारण ठेवून सुमारे ४०.५ कोटी डॉलर घेतले. हे दोन व्यवहार सर्रास ‘सोने गहाण टाकले’ या एकाच वाक्यात सांगितले जातात. ते एक नव्हेत. सातारा-सांगलीकडे जमिनीच्या व्यवहारात गहाणखत आणि मुदतखरेदी यांतला फरक खेड्यातला माणूसही जाणतो. गहाणात मालकी आपलीच राहते. मुदतखरेदीत ती जाते, आणि ठरल्या मुदतीत पैसे भरले तरच परत येते. मेमधील व्यवहार मुदतखरेदीचा होता, जुलैमधील गहाणाचा. काळजीवाहू सरकारच्या काळात मालकी सोडणारा व्यवहार व्हावा आणि निवडून आलेल्या सरकारच्या काळात केवळ तारण, हा योगायोग असला तरी विचार करण्याजोगा आहे.

सोन्याची ही बातमी खानापूर-आटपाडी पट्ट्यात वेगळ्या कानांनी ऐकली गेली असणार. विटा व आसपासच्या दुष्काळी गावांतील गलाई व्यावसायिक देशभरच्या सराफ बाजारांत सोने-चांदी गाळण्याचे काम करतात. मोडीचा दागिना मुशीत घालायचा, टाकणखार टाकायचा, रस ओतायचा आणि टंच (शुद्धतेचे प्रमाण) काढायचा, हा त्यांचा रोजचा उद्योग. घरातले सोने मोडायला माणूस केव्हा येतो, हे त्यांना जवळून ठाऊक असते.

दरम्यान २१ मे रोजी राजीव गांधी यांची हत्या झाली व मतदानाचे उरलेले टप्पे जूनमध्ये ढकलले गेले. निकाल पुन्हा त्रिशंकूच लागला. २१ जून रोजी पी. व्ही. नरसिंह राव यांनी अल्पमताचे सरकार स्थापले. त्या महिनाअखेर परकीय गंगाजळी सव्वा अब्ज डॉलरच्या आत आली होती. जुलैच्या १ आणि ३ तारखेला रुपयाचे अवमूल्यन झाले आणि २४ जुलै रोजी मनमोहन सिंग यांनी अर्थसंकल्प मांडला. म्हणजे कोंडी फुटायला बहुमत लागले नाही, निर्णय घेण्याची तयारी असलेले मंत्रिमंडळ पुरले.

अन्य देश : ग्रीसचे २०१२ चे उदाहरण सर्वाधिक अभ्यासले गेले आहे. ६ मेच्या निवडणुकीत ३०० पैकी न्यू डेमोक्रसीला १०८, सिरिझाला ५२ व पासोकला ४१ जागा मिळाल्या. पहिल्या क्रमांकाच्या पक्षाला ५० जागा बोनस देण्याची तेथील तेव्हाची पद्धत असूनही कर्जकराराच्या बाजूचे न्यू डेमोक्रसी व पासोक हे दोन पक्ष मिळून १४९ वर अडकले, बहुमताला १५१ हवे होते. तेथील संविधानाच्या ३७ व्या अनुच्छेदानुसार पहिल्या तीन पक्षांच्या नेत्यांना क्रमाने प्रत्येकी तीन दिवस मिळतात. न्यू डेमोक्रसीच्या सामारास यांनी निमंत्रण त्याच दिवशी परत केले, सिरिझाचे त्सिप्रास व पासोकचे वेनिझेलोस यांनाही जमले नाही. मग न्यायाधीश पिक्रामेनोस यांचे काळजीवाहू सरकार आले आणि १७ जूनला फेरनिवडणूक झाली. त्यात न्यू डेमोक्रसीला १२९ जागा मिळून तीन पक्षांचे सरकार बनले. बेल्जियममध्ये २०१०–११ मध्ये ५४१ दिवस पूर्ण अधिकारांचे सरकार नव्हते. नोव्हेंबर २०११ मध्ये एका पतमापन संस्थेने देशाचा दर्जा उतरवला आणि दुसऱ्याच दिवशी अर्थसंकल्पावर समझोता झाला. इटलीत २०१३ मध्ये दोन महिने कोंडी राहिली.

राज्य पातळी : २९३ व्या अनुच्छेदानुसार राज्यांना केवळ भारतातच कर्ज उभारता येते. त्यामुळे त्रिशंकू विधानसभेवर परकीय धनकोचा थेट दाब येत नाही. १९७८ मध्ये महाराष्ट्रात २८८ पैकी जनता पक्षाला ९९, काँग्रेसला ६९ व इंदिरा काँग्रेसला ६२ जागा मिळाल्या. सांगलीचे वसंतदादा पाटील दोन्ही काँग्रेसच्या आघाडीचे मुख्यमंत्री आणि नाशिकराव तिरपुडे उपमुख्यमंत्री झाले. हे सरकार जुलैमध्ये शरद पवार यांच्या गटाने बाहेर पडून पाडले.