‘झोप येती खरं…’ : सीमाभागातल्या मानसिक तपासणीची पार्श्वभूमी

बेळगाव-खानापूर पट्ट्यात ‘पण’च्या जागी ‘खरं’ म्हणतात. “झोप येती खरं मन लागंना,” असं आजी सांगते आणि इथली बोली नसलेली नर्स कागदावर ‘झोप चांगली’ एवढंच लिहून मोकळी होते. आजीचं दुखणं तर ‘खरं’च्या पुढे असतं.

१ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बेळगाव मुंबई राज्यात होतं. जवळचं मनोरुग्णालय धारवाडचं. १९१२ च्या मनोरुग्णांविषयीच्या कायद्यानुसार नातेवाइकांच्या अर्जावर माणसाला आत ठेवायचं तर दोन डॉक्टरांचे दाखले आणि दंडाधिकाऱ्याचा आदेश लागे. प्रश्न कोंडण्याचा होता, ऐकून घेण्याचा नव्हता. रात्रभर रुग्णाजवळ असणाऱ्या नर्सच्या निरीक्षणाला त्यात जागा नव्हती.

१९५२ मध्ये अमेरिकेतल्या हिल्डगार्ड पेप्लाऊ या नर्सने मांडलं, की रुग्णाशी जुळलेलं नातं हाच शुश्रूषेचा गाभा. मला हे वळण सगळ्यात मोलाचं वाटतं. पेहराव, नजर, बोलण्याचा वेग, झोप, भूक, भास, आत्महत्येचे विचार हे सगळं टिपणं हळूहळू नर्सचंही काम झालं.

कर्नाटकात १९८५ पासून बळ्ळारी जिल्ह्यात बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या कर्मचाऱ्यांना मानसिक आजार ओळखायला शिकवलं. त्याच नमुन्यावर १९९६ मध्ये देशाचा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आला. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला समजेल अशा भाषेत माहिती मिळणं हा हक्क ठरवला. सीमाभागात ही अट फार मोठी आहे: केसपेपर इंग्रजीत, दवाखान्यातलं बोलणं कन्नडमध्ये आणि जीव घाबरतो तो मराठीत.

तपासणीतले ठरीव प्रश्नही इथे वाकवावे लागतात. “आज तारीख काय?” याला शाळा न पाहिलेली मावशी गप्प बसते. अमावस्या कधी झाली, बाजार कुठल्या वारी भरतो, हे विचारा; भान शाबूत असेल तर चटकन सांगेल. शंभरातून सात वजा करायला सांगण्यापेक्षा पन्नासची नोट देऊन बत्तीसची भाजी घेतली तर परत किती, हे बरं.

“जीव द्यावासा वाटतो का?” हे मात्र सरळच विचारायचं. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. त्याआधी सोबत आलेल्या लेकाला बाहेर बसवायचं, स्टूल जवळ ओढायचं आणि आजी ‘खरं’ म्हणून थांबली, की पेन खाली ठेवायचं.