च-ची भाषा, वेलांटी आणि वाचायला शिकणारं मूल

तिसरीतल्या मुलांना दुसरीचं पुस्तक वाचता येत नाही, ही बातमी 'असर' या ग्रामीण शिक्षणाच्या पाहणीचा अहवाल आला की हमखास छापून येते. २०२४च्या अहवालात देशभरातल्या ग्रामीण भागातल्या सरकारी शाळांतली तिसरीची फक्त २३.४ टक्के मुलं दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकत होती. मग चर्चा होते ती मोबाइलची, शिक्षकांवर लादलेल्या कामांची, नापास न करण्याच्या धोरणाची. त्यात तथ्य आहेच. पण मुलाला वाचता येत नाही म्हणजे नेमकं काय जमत नाही, हे फारसं कुणी विचारत नाही. घरी किंवा वस्तीवर एखाद्या मुलाला घेऊन शिकवायला बसणाऱ्याला मात्र तेच आधी कळायला हवं.

आपला सर्वसाधारण समज असा, की वाचन हे डोळ्यांचं काम. अक्षरं ओळखू आली की वाचन आलं. म्हणून भिंतीवर तक्ते लागतात आणि तीन वर्षांच्या मुलाकडून पाहुण्यांसमोर बाराखडी म्हणवून घेतली जाते. प्रत्यक्षात वाचनातली पहिली अवघड पायरी कानाची आहे.

आरशासमोर उभं राहून आधी 'की' म्हणा, मग 'कू' म्हणा. 'कू'च्या वेळी आवाज फुटायच्या आधीच ओठांचा चंबू झालेला दिसेल. म्हणजे 'क्' उच्चारतानाच तोंड 'ऊ'च्या तयारीला लागलेलं असतं. जीभही 'की'ला टाळूला जरा पुढे टेकते, 'कू'ला मागे. आपण आधी व्यंजन आणि मग स्वर असे सुटे आवाज काढतच नाही. ते एकमेकांत मिसळूनच बाहेर पडतात. बोलणं भरभर होतं ते यामुळेच. पण वाचायला शिकणाऱ्याची अडचणही इथेच आहे: लिपी त्याच्याकडून जे तुकडे मागते, ते आवाजात कुठेच वेगळे ठेवलेले नसतात.

१९७४ साली अमेरिकेत इझाबेल लिबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लहान मुलांना एक खेळ दिला. शब्द ऐकायचा आणि त्यात जितके तुकडे असतील तितक्या वेळा टेबलावर काठी वाजवायची. चार वर्षांच्या मुलांपैकी जवळपास निम्म्यांना शब्दाचे उच्चारावयव, म्हणजे आपल्या 'बा-हु-ली'सारखे तुकडे पाडता आले. सुट्या ध्वनींचे तुकडे मात्र त्यांच्यातल्या एकालाही जमले नाहीत. पहिलीचं वर्ष संपता संपता ते ७० टक्के मुलांना जमत होतं. हे वयामुळे झालं की वाचायला शिकल्यामुळे? १९७९ साली जोझे मोराइस आणि सहकाऱ्यांनी पोर्तुगालमधल्या निरक्षर प्रौढांना शब्दातला पहिला ध्वनी काढून उरलेलं म्हणायला सांगितलं, तेव्हा बहुतेकांना ते साधलं नाही. त्यांच्यासारख्याच परिस्थितीत वाढलेल्या, पण मोठेपणी वाचायला शिकलेल्या लोकांना ते बऱ्यापैकी साधलं. नुसतं वय वाढून हा कान तयार होत नाही, तो तयार करावा लागतो.

आता आपली लिपी बघा, कारण इथे मराठी मुलाची वाट इंग्रजी वाचणाऱ्या मुलाहून वेगळी होते. आपलं अक्षर उच्चारावयवाच्या जवळपास बसतं, म्हणजे चार वर्षांच्या कानाला जे तुकडे ऐकू येतात त्यांच्याच मापाचं असतं. त्यामुळे 'घर', 'नळ', 'गवत' इथपर्यंत गाडी सुरळीत चालते. भेंड्या खेळताना शेवटचं अक्षर पकडणारं मूल हेच करत असतं. खरी अडचण येते मात्रांपाशी, म्हणजे काना, वेलांटी, उकार अशा स्वरांच्या खुणांपाशी. 'क' हे नुसतं व्यंजन नाही, त्याच्या पोटात 'अ' आहे. 'कि' लिहिताना त्या 'अ'ला बाहेर काढून 'इ'ला आत घ्यावं लागतं. म्हणजे आजवर अखंड वाटणारं अक्षर मुलाला मनातल्या मनात फोडावं लागतं. त्यातून ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांना आधी दिसते आणि उच्चारात नंतर येते. ज्योत्स्ना वैद आणि आशुम गुप्ता यांनी २००२ साली हिंदी वाचकांचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात अशा वेलांटीचे शब्द वाचायला वेळ जास्त लागत असल्याचं दिसलं. रफाराचंही तसंच: 'सूर्य'मधला 'र्' आधी उच्चारायचा, पण तो चढून बसतो पुढच्या 'य'च्या डोक्यावर.

बाराखडीची रचना खरं तर ही फोड शिकवण्यासाठी उत्तम आहे. आपण ती फक्त एकाच दिशेने वापरतो. 'क का कि की' चालीत म्हटलं की ते शुभंकरोतीसारखं पाठ होतं आणि 'का'मधला काना मुलाला कधी वेगळा सापडतच नाही. तोच तक्ता आडवा वाचण्याऐवजी उभा वाचून पाहा: का, मा, ला, ता, पा. इथे काना तोच राहतो आणि व्यंजन बदलतं. असं चार-पाच दिवस केलं की 'आ' हा सुटा आवाज मुलाच्या हाती लागायला लागतो. आणि सगळी मुळाक्षरं संपायची वाट कशाला पाहायची? म, ल, क, र, न आणि काना एवढ्या भांडवलावर 'मामा', 'काका', 'नाक', 'कान', 'मला', 'कमान', 'राम', 'नकार' असे खरे शब्द तयार होतात. पहिल्याच आठवड्यात खरा शब्द वाचल्यावर मुलाचा चेहरा बघण्यासारखा असतो.

याहून मोठी गंमत आपल्या मुलांनी स्वतःच करून ठेवली आहे: च-ची भाषा. 'मला माहीत नाही'चं होतं 'चलाम चाहीतम चाहीन'. 'माहीत'चं 'चाहीतम' करताना काय घडतं ते नीट पाहा. 'मा'मधलं व्यंजन निघून शेवटी गेलं, काना मात्र जागेवरच राहिला आणि 'च'ला चिकटला. 'तुझं'चं 'चुझंत' होतं तेव्हा उकारही असाच मागे राहतो. मानसशास्त्रज्ञ प्रयोगशाळेत जी फोड करून घेतात, तीच आपली पोरं मोठ्यांना कळू नये म्हणून गल्लीत भरधाव वेगाने करतात. मात्रांवर अडलेल्या मुलाशी शिकवणीतली पाच मिनिटं या भाषेत बोलावं, असं मला मनापासून वाटतं.

ध्वनींच्या अशा खेळांचा वाचनाला उपयोग होतो, याचा पुरावा १९८३ सालचा आहे. ऑक्सफर्डच्या लिनेट ब्रॅडली आणि पीटर ब्रायंट यांनी मुलांच्या एका गटाला चित्रांवरून सारखे ध्वनी असलेले शब्द ओळखायला शिकवलं, दुसऱ्या गटाला त्याबरोबर प्लास्टिकची अक्षरंही हाताळायला दिली आणि तिसऱ्याला तीच चित्रं अर्थानुसार लावायला सांगितली. वाचनात सर्वांत पुढे गेला तो दुसरा गट. कान आणि अक्षर एकत्र शिकवायला हवं, ते यासाठी.

या सगळ्याला महिने लागतात, म्हणून पालकांना झटपट उपाय खुणावतात. त्यातला सर्वांत घातक म्हणजे 'मिडब्रेन अ‍ॅक्टिव्हेशन'. मुलाचा मध्यमेंदू जागा करतो असं सांगून, हजारो रुपये घेऊन त्याला डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला लावतात. मध्यमेंदू प्रत्येकात जन्मापासून काम करतोच. डोळ्यांची हालचाल आणि जागेपणा यांत त्याचा मोठा वाटा असतो. मूल वाचतं ते नाकाजवळच्या फटीतून. फट नीट बंद केली की वाचन थांबतं, हे अंनिसच्या कार्यकर्त्यांनी वारंवार दाखवून दिलं आहे. पैसे जातात ते जातात, पण मुलाला मोठ्यांच्या साक्षीने खोटं बोलायला शिकवलं जातं, याचा मला जास्त संताप येतो.

आता भाषेकडे येऊ. 'सरबत' लिहितो चार अक्षरांत, उच्चारतो 'सर्बत्'. मूल आधी 'स-र-ब-त' असं प्रत्येक 'अ'सकट वाचतं, क्षणभर थांबतं आणि मग एकदम 'सरबत!' म्हणतं. ती दुरुस्ती डोळ्यांनी केलेली नसते. आधी ऐकलेला शब्द मदतीला धावून येतो. 'जग' हा शब्द तर एकटा असताना नीट वाचताच येत नाही. 'सगळं जग' आणि 'सुखाने जग' यांतला 'ज' वेगळा आहे आणि तो ठरतो अर्थावरून. जसं बोलतो तसंच लिहितो, हा मराठीबद्दलचा दावा म्हणूनच अर्धाच खरा आहे. गफ आणि टनमर या संशोधकांनी १९८६ साली मांडलं, की वाचन म्हणजे अक्षरं उलगडणं गुणिले भाषा समजणं. बेरीज नाही, गुणाकार. एक बाजू शून्य असेल तर उत्तरही शून्य.

मेळघाटात घरी कोरकू बोलणारं मूल पुस्तकातली मराठी उलगडायला बसतं, तेव्हा मदतीला धावणारा शब्द त्याच्याकडे नसतोच. इंग्रजी शाळेत घातलेल्या मराठी मुलाची अवस्थाही तीच. अशा मुलाबरोबर निम्मा वेळ नुसता बोलण्यात, गोष्ट वाचून दाखवण्यात आणि 'आता काय होईल?' असं विचारण्यात गेला, तर तो वेळ वाचनालाच दिलेला असतो. वाचलेला शब्द त्याच्या घरच्या भाषेत काय म्हणतात, तेही त्यालाच विचारावं.

मूल खरंच वाचतंय की पाठ म्हणतंय, हे बघायचं असेल तर अस्तित्वात नसलेला शब्द लिहून द्या. 'लोमिटू', 'पुकेळा', काहीही. चित्र नाही, चाल नाही, अंदाजाला जागा नाही. 'लोमिटू'चं 'लोमटू' झालं तर उद्या वेलांटी घ्यायची. 'लामिटू' झालं तर काना आणि ओकार शेजारी ठेवून वाचायचे.