गार्नेट-पिअर्स सौद्याच्या आधी आणि नंतर

२०२५च्या उन्हाळ्यात एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमधल्या बोस्टन सेल्टिक्सनं आपला विजेता संघ स्वतःच उसवायला घेतला. जरू हॉलिडे पोर्टलंडला गेला, क्रिस्टाप्स पोर्झिंगिस अटलांटाला, ल्यूक कॉर्नेट सॅन अँटोनियोला आणि ३९ वर्षांचा अल हॉरफर्ड पुढे गोल्डन स्टेटकडे. मे महिन्यात जेसन टेटमच्या पायाचं अकिलीस टेंडन तुटलं होतं. शिवाय सगळ्यांना ठेवून घ्यायचं तर पगार आणि लक्झरी टॅक्स (पगाराची मर्यादा ओलांडल्याबद्दल लीग घेते तो दंड) मिळून खर्च ५० कोटी डॉलर्सच्या पुढे जात होता. लगेच जिकडेतिकडे २०१३ची आठवण निघाली. त्या वर्षी बोस्टननं केव्हिन गार्नेट आणि पॉल पिअर्स यांना विकून तरुण संघ उभा केला, आताही तसंच होईल, असा एकंदर सूर होता.

एनबीएतला कुठलाही संघ म्हातारा झाला की हाच दाखला देतात. मला तो नेहमी अर्धवट वाटत आलाय. कारण २०१३च्या त्या सौद्याची मुळं १९८८पर्यंत मागे जातात, आणि त्याचं फळ बोस्टनच्या हुशारीइतकंच दुसऱ्या एका संघाच्या घाईमुळे मिळालं.

आधी थोडं व्यवहाराबद्दल. आपल्याला आयपीएलच्या लिलावाची सवय आहे: पैसे टाकले, खेळाडू आला. एनबीएत नवे खेळाडू ड्राफ्टमधून येतात. ज्या संघांचा हंगाम वाईट गेला ते लॉटरीत उतरतात आणि निवडीचा पहिला मान त्यांच्यातल्याच कुणाला तरी मिळतो. साधारणपणे जितकं जास्त हरावं तितकी शक्यता जास्त. निवडीचा हा हक्क, म्हणजे ‘पिक’, विकताही येतो, अगदी पाच-सहा वर्षांनंतरचासुद्धा. त्यामुळे पस्तिशी गाठलेला तारा आणि अजून शाळेत असलेला एखादा पोरगा यांची अदलाबदल या लीगमध्ये रोजचीच आहे. प्रश्न असतो तो ताऱ्याला कधी विकायचं याचा, आणि तिथेच भले भले चुकतात.

१९८६मध्ये बोस्टननं सोळावं विजेतेपद मिळवलं. लॅरी बर्ड, केव्हिन मॅकहेल, रॉबर्ट पॅरिश ही त्रयी ऐन भरात होती. त्याच जूनमध्ये ड्राफ्टमधला दुसरा पिकही बोस्टनकडे होता. त्यातून मेरीलँड विद्यापीठाचा लेन बायस घेतला आणि दोनच दिवसांनी कोकेनमुळे तो गेला. पुढची पिढी ज्याच्यावर उभी राहायची तोच नाहीसा झाला. जुनी माणसं मात्र खेळत राहिली. मॅकहेल १९८७ची फायनल पायाचं हाड मोडलेलं असताना खेळला. पुढच्या वर्षी बर्डच्या दोन्ही टाचांची शस्त्रक्रिया झाली आणि त्या हंगामात तो अवघे सहा सामने खेळू शकला.

याच काळातली एक गोष्ट डॅनी एंज पुढे अनेकदा सांगायचा. एंज तेव्हा बोस्टनकडून गार्डच्या जागी खेळायचा (त्याआधी टोरांटो ब्लू जेजकडून चक्क बेसबॉल खेळून आलेला). नाताळच्या पार्टीत संघाचा सर्वेसर्वा रेड आवरबॅक सांगत होता, की बर्डसाठी इंडियानाकडून आणि मॅकहेलसाठी डल्लासकडून विचारणा आहे. एंज म्हणाला, मग थांबलात कशाला, द्या की! आवरबॅकनं दिलं नाही. ज्यांनी तीन विजेतेपदं मिळवून दिली त्यांना त्याला बाजारात बसवायचं नव्हतं. १९८९च्या फेब्रुवारीत विकला गेला तो खुद्द एंज, सॅक्रामेंटोला.

आवरबॅकची निष्ठा मनाला भावते, पण तिची किंमत बोस्टननं मोजली. १९९२मध्ये पाठीच्या दुखण्यानं बर्ड निवृत्त झाला, पुढच्या वर्षी मॅकहेल, आणि १९९४मध्ये पॅरिश शार्लटला निघून गेला. तिघांच्या बदल्यात संघाला काहीही मिळालं नाही. मधल्या काळात उभा राहिलेला कर्णधार रेजी लुईस १९९३च्या जुलैत सराव करता करता कोसळला आणि गेला. १९९६-९७मध्ये बोस्टन ८२पैकी १५ सामने जिंकलं. त्या वर्षी टिम डंकन मिळेल या आशेवर अख्खं शहर लॉटरीकडे डोळे लावून बसलं होतं. शक्यताही सर्वात जास्त बोस्टनचीच होती. हाती आले तिसरा आणि सहावा पिक. डंकन सॅन अँटोनियोला गेला आणि तिथं त्यानं पाच विजेतेपदं मिळवली. हरून हरून नशीब काढू म्हणणाऱ्यांसाठी ही गोष्ट भिंतीवर लावून ठेवण्यासारखी आहे.

२००३मध्ये एंज परत आला, यावेळी संघाचा कारभारी म्हणून. १९९८मध्ये दहाव्या पिकवर आलेला पिअर्स तोवर एकट्यानं गाडा ओढत होता. २००७च्या उन्हाळ्यात एंजनं साठवलेली बहुतेक तरुण मंडळी एका झटक्यात बाहेर काढली: सिएटलकडून रे ॲलन आणि मिनेसोटाकडून गार्नेट आणला. एकट्या गार्नेटसाठी पाच खेळाडू आणि ड्राफ्टच्या पहिल्या फेरीचे दोन पिक मोजले. योगायोग असा की मिनेसोटाचा कारभार तेव्हा मॅकहेल बघत होता, म्हणजे ज्याला विकून टाका असा सल्ला एंजनं दिला होता तोच! आदल्या हंगामात २४ सामने जिंकलेला संघ ६६ जिंकला आणि २००८मध्ये, २२ वर्षांनी, विजेता ठरला.

मग पुन्हा तोच उतार. २०१०ची फायनल लेकर्सविरुद्ध सातव्या, निर्णायक सामन्यात गमावली. २०१२मध्ये मायामीनं हरवलं आणि त्याच उन्हाळ्यात रे ॲलन मायामीकडेच गेला. त्याच्या बदल्यातही काही मिळालं नाही. २०१३मध्ये न्यू यॉर्ककडून प्लेऑफच्या पहिल्याच फेरीत पराभव झाला, आणि कोच डॉक रिव्हर्सनं लॉस एंजेलिसच्या क्लिपर्स संघाची वाट धरली. त्याच्या मोबदल्यात एंजनं क्लिपर्सकडून पहिल्या फेरीचा एक पिक काढून घेतला. कोच जातोय तर त्याचीही किंमत वसूल करणारा हा माणूस आवरबॅकसारखा थांबणार नव्हता, हे तेव्हाच कळायला हवं होतं.

२७ जून २०१३, ड्राफ्टची रात्र. गार्नेट ३७चा, पिअर्स ३५चा. दोघांसोबत जेसन टेरी आणि डी. जे. व्हाइट यांनाही ब्रुकलिन नेट्सला द्यायचं ठरलं. गार्नेटच्या करारात त्याच्या संमतीशिवाय त्याला कुठे धाडता येणार नाही असं कलम होतं. त्याला राजी करावं लागलं. बदल्यात आले ते पाच खेळाडू म्हणजे निव्वळ पगाराचा हिशेब जुळवायला घेतलेली भरती. खरा माल पुढे होता: पहिल्या फेरीचे २०१४, २०१६ आणि २०१८चे पिक, तेही बिनशर्त, आणि २०१७मध्ये हवं तर आपला पिक देऊन ब्रुकलिनचा घेण्याची, म्हणजे अदलाबदलीची, मुभा.

वर्षं एकाआड एक का, याचं उत्तर टेड स्टेपियन या गृहस्थांकडे जातं. १९८०च्या सुमारास क्लीव्हलंडचा मालक असताना त्यांनी पहिल्या फेरीचे पिक असे काही उधळले, की लीगला नियम करावा लागला: सलग दोन वर्षं संघ पहिल्या फेरीच्या पिकविना राहता कामा नये. ब्रुकलिनला म्हणूनच २०१५ आणि २०१७चे पिक देता येत नव्हते. अदलाबदल मात्र चालते, कारण तीत हातात एक पिक उरतोच, भले तो शेवटून दुसरा असो. ब्रुकलिनचं खरं नुकसान झालं ते या बारीक अक्षरातल्या कलमानं.

नेट्सनं हे का केलं? मालक होता रशियन अब्जाधीश मिखाईल प्रोखोरोव. २०१०मध्ये संघ घेताना त्यानं पाच वर्षांत विजेतेपदाचा वायदा केला होता, आणि नाही जमलं तर शिक्षा म्हणून लग्न करीन असंही म्हणाला होता. २०१२मध्ये संघ न्यू जर्सीहून ब्रुकलिनच्या नव्याकोऱ्या स्टेडियममध्ये आला होता, शेजारी न्यू यॉर्क निक्स हा प्रतिस्पर्धी संघ होता, मोठी नावं हवी होती. डेरॉन विल्यम्स, जो जॉन्सन आणि ब्रूक लोपेझ यांच्या जोडीला पिअर्स आणि गार्नेट. कागदावर पाचही जण ऑल-स्टार, म्हणजे लीगच्या निवडक ताऱ्यांच्या सामन्यात खेळलेले. नुसता लक्झरी टॅक्सच ९ कोटी डॉलर्सवर गेला.

संघ ४४ सामने जिंकला आणि प्लेऑफच्या दुसऱ्या फेरीत मायामीकडून आटोपला. गार्नेट ५४ सामने खेळला, सरासरी ६.५ गुण. त्या वर्षातला माझ्या लक्षात राहिलेला सामना २६ जानेवारी २०१४चा, दोघं पहिल्यांदा बोस्टनमध्ये पाहुणे म्हणून आले तो. मध्येच खेळ थांबवून मोठ्या पडद्यावर त्यांच्या चित्रफिती दाखवल्या, काळ्या जर्सीतल्या त्या दोघांसाठी लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. शेवटच्या क्षणी गार्नेटनं रजॉन रॉन्डोच्या हातून, म्हणजे आपल्याच जुन्या साथीदाराकडून, चेंडू पळवला आणि ब्रुकलिन ८५-७९ जिंकलं. सहा महिन्यांत पिअर्स वॉशिंग्टनला गेला, आणि वर्षभरानं गार्नेट परत मिनेसोटाला.

इकडे एंजनं बटलर या छोट्या विद्यापीठाला सलग दोनदा एनसीएए या विद्यापीठांच्या स्पर्धेच्या फायनलपर्यंत नेलेला ३६ वर्षांचा ब्रॅड स्टीव्हन्स कोच म्हणून आणला. पहिल्या वर्षी २५ विजय, पण दुसऱ्याच वर्षी प्लेऑफ. ही गोष्ट दाखला देणारे सहसा विसरतात. बोस्टन वर्षानुवर्षं तळाला बसलं नाही. तळाला ब्रुकलिन बसलं, बोस्टनच्या वतीनं.

२०१४च्या पिकमधून आलेला जेम्स यंग फारसा टिकला नाही. २०१५-१६मध्ये नेट्स २१ सामने जिंकले आणि तिसरा पिक बोस्टनला मिळाला. त्यावर जेलन ब्राउनचं नाव जाहीर झालं तेव्हा टीडी गार्डनमध्ये जमलेल्या चाहत्यांनी हुर्यो केली. त्यांना कुणी तयार तारा हवा होता. पुढच्या वर्षी तर कमाल झाली. १५ मे २०१७ला बोस्टननं वॉशिंग्टनला सातव्या सामन्यात हरवलं, १६ला लॉटरीत नेट्सच्या जागेवर, म्हणजे अदलाबदलीच्या मुभेनं बोस्टनला, पहिला पिक लागला, आणि १७ला ईस्टर्न कॉन्फरन्सची, म्हणजे लीगच्या पूर्व गटाची, फायनल सुरू झाली. ईस्टमधला अव्वल संघ आणि ड्राफ्टचा पहिला मान, दोन्ही एकाच दारी.

एंजनं तो पहिला पिकही फिलाडेल्फियाला देऊन तिसरा आणि वर आणखी एक पिक घेतला. फिलाडेल्फियानं मार्केल फुल्ट्झ निवडला, बोस्टननं टेटम. २०१८चा शेवटचा पिक कायरी अर्व्हिंगच्या सौद्यात क्लीव्हलंडला गेला. तो अर्व्हिंग दोन वर्षांत निघूनही गेला आणि २०२४च्या फायनलमध्ये डल्लासच्या बाजूनं समोर उभा होता. बोस्टननं ती मालिका ४-१ अशी जिंकली. अठरावं विजेतेपद. ब्राउन फायनल्सचा एमव्हीपी, म्हणजे सर्वोत्तम खेळाडू.

फिलाडेल्फियाची गोष्ट याला जोडूनच बघायला हवी. २७ जून २०१३च्याच रात्री त्यांचा कारभारी सॅम हिंकीनं २३ वर्षांचा ऑल-स्टार जरू हॉलिडे न्यू ऑर्लिन्सला दिला आणि मुद्दाम हरण्याचा जाहीर प्रयोग सुरू केला. २०१५-१६मध्ये १० विजय, ७२ पराभव. हंगाम संपायच्या आत हिंकीनं राजीनामा दिला. त्यांना जोएल एंबीड मिळाला, फायनल अजून नाही. हॉलिडेचं २०२४चं विजेतेपद मात्र बोस्टनच्या जर्सीत आलं.

म्हणून २०२५ची मोडतोड मला २०१३सारखी वाटत नाही. यावेळी बोस्टनला कुणी आपलं भविष्य विकलं नाही. लीग आणि खेळाडू यांच्यातल्या २०२३च्या करारातल्या ‘सेकंड एप्रन’ या पगारखर्चाच्या मर्यादेखाली येण्यासाठी बोस्टननं ओझं उतरवलं. ब्राउन, डेरिक व्हाइट आणि दुखापतीतला टेटम तसेच राहिले. २०१३च्या जवळ जाणारा व्यवहार ओक्लाहोमा सिटीचा आहे: २०१९मध्ये पॉल जॉर्जच्या बदल्यात क्लिपर्सकडून शे गिलजियस-अलेक्झांडर आणि पिकची रास घेतली, त्यातल्याच एका पिकवर जेलन विल्यम्स आला, आणि २०२५चं विजेतेपदही.

आणि एंज? डिसेंबर २०२१मध्ये त्यानं युटा जॅझचा कारभार हाती घेतला आणि पुढच्याच उन्हाळ्यात जुनाच डाव टाकला. रूडी गोबेअर मिनेसोटाला, डोनोव्हन मिचेल क्लीव्हलंडला, बदल्यात दोघांकडून मिळून पहिल्या फेरीचे सात पिक आणि अदलाबदलीचे हक्क. फक्त घेणारे यावेळी कोसळले नाहीत. मिनेसोटा २०२४ आणि २०२५ला लागोपाठ वेस्टर्न कॉन्फरन्सच्या फायनलमध्ये पोहोचलं, क्लीव्हलंडनं २०२४-२५मध्ये ६४ सामने जिंकले. अशा संघांचे पिक पहिल्या फेरीच्या शेपटाला येतात. त्याच हंगामात युटा १७ जिंकलं, ६५ हरलं, लीगमध्ये सगळ्यात तळाला. लॉटरीत नंबर लागला पाचवा. तळाच्या संघाला याहून खालचा मिळूच शकत नव्हता. जूनमध्ये त्यावर एस बेली हा १८ वर्षांचा पोरगा घेतला. निवडीच्या खुर्चीवर तोवर डॅनीचा मुलगा ऑस्टिन एंज आला होता, तोही बोस्टनच्याच कचेरीतून.