लष्करी शल्यवैद्यांची खाजगी कागदपत्रे (नागपूर)

एकोणिसाव्या शतकात नागपूर व कामठीच्या परिसरात इंग्रजी फौजेबरोबर आलेल्या डॉक्टरांच्या दैनंदिन्या, घरची पत्रे, रुग्णांची टिपणे आणि रेखाटने. १८१७ च्या नोव्हेंबरात सीताबर्डीच्या लढाईत अप्पासाहेब भोसल्यांचा पराभव झाला आणि १८२१ मध्ये कन्हानकाठी कामठीची छावणी वसली. ही छावणी मद्रास लष्कराकडे असल्याने तिथल्या डॉक्टरांचा माग मुंबईच्या नव्हे, मद्रासच्या दफ्तरांतून काढावा लागतो.

या कागदांत खाजगी काय आणि सरकारी काय, हे सहज वेगळे काढता येत नाही. १८१७ नंतर पटकीची (कॉलऱ्याची) साथ देशभर पसरली तेव्हा पलटणींच्या डॉक्टरांनी वरिष्ठांना पत्रे लिहिली. मद्रास इलाख्यातला असा मजकूर विल्यम स्कॉट याने १८२४ च्या अहवालात एकत्र केला. पत्र लिहिणाऱ्यालाही रोगाचे कारण ठाऊक नव्हते. हवा, पाऊस, मुक्कामाची जागा असे सारेच तो टिपून ठेवी. त्यामुळे आज त्यातला औषधोपचार कालबाह्य वाटला, तरी गावे, रस्ते आणि ऋतू यांचे वर्णन कामाचे ठरते.

या प्रकारचे सर्वांत बोलके उदाहरण हेन्री व्हॉयसी याचे. हा मूळचा लष्करी डॉक्टर, विल्यम लॅम्बटनच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात (त्रिकोण आखून केलेल्या देशाच्या मोजणीत) शल्यवैद्य आणि भूवैज्ञानिक अशा दोन्ही कामांवर होता. लॅम्बटन जानेवारी १८२३ मध्ये हिंगणघाटला वारला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये व्हॉयसीला गाविलगडच्या डोंगरात दगड झालेले शंख सापडले. सीताबर्डीच्या टेकडीच्या खडकांवरही त्याने लिहिले. पण १८२४ मध्ये तो स्वतःच गेला. त्याचे हे दोन्ही लेख १८३३ मध्ये ‘एशियाटिक रिसर्चेस’ या नियतकालिकात छापले गेले, खाजगी दैनंदिनीतले उतारे तर १८५० पर्यंत थांबले. छावणीत वारलेल्या अधिकाऱ्याचे सामान लिलावात विकण्याची तेव्हा रीत होती, हे लक्षात घेता एवढे उरले हेच नवल.

मद्रासचा शल्यवैद्य जॉन माल्कमसन याने पुढे काळ्या दगडाच्या थरांतील जीवाश्मांवर निबंध लिहिला. बेरीबेरी या रोगावरचा त्याचा ग्रंथ १८३५ चा. नागपूरच्या भूविज्ञानाची सुरुवात अशी दवाखान्याच्या तंबूतून झाली, मिशनरी हिस्लॉप नंतर आला.

लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतील इंडिया ऑफिसच्या संग्रहात अशा खाजगी कागदांचा स्वतंत्र विभाग आहे. तिथल्या सूचीत ‘नागपूर’ शोधून भागत नाही. जुने इंग्रज ‘नागपोर’, ‘कॅम्प्टी’ आणि ‘सीताबल्डी’ लिहीत.